महाळुंग: साल वेगळी, गर वेगळा, केसर वेगळे

वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरे

महाळुंगाविषयी जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतून बरीच पत्रे आली. औषधाच्या प्रश्नांना वैद्यांनी आणि लागवडीच्या प्रश्नांना फळबागेच्या जाणकारांनी उत्तरे दिली आहेत. एकाच आशयाची पत्रे एकत्र घेतली आहेत.

प्रश्न: नवरात्रात बाजारातून मोठे, खडबडीत, पिवळे फळ आणले. विकणारा महाळुंग म्हणाला, शेजारच्या काकू ईडलिंबू म्हणतात आणि नंदुरबारची जाऊबाई बिजोरा म्हणते. पपनसही असेच दिसते. खरे महाळुंग ओळखायचे कसे?
(वाचक भगिनी, शिरपूर)

उत्तर: महाळुंग आणि बिजोरा एकच. संस्कृतात मातुलुंग किंवा बीजपूर म्हणतात ते हेच. कोल्हापूरच्या महालक्ष्मीच्या हातात आहे तेही हेच फळ, म्हणून नवरात्रात त्याला मागणी असते. ईडलिंबू हे नाव मात्र गावोगाव वेगवेगळ्या मोठ्या लिंबांना लावतात, त्यामुळे नावावर विसंबू नका.

फळ आडवे कापून पाहा. महाळुंगात सालीखालचा पांढरा गर इतका जाड असतो की आंबट फोडींना मधोमध थोडीशीच जागा उरते. रस कमी, बिया भरपूर. ईडलिंबू म्हणून जे सहसा विकतात त्याची साल त्यामानाने पातळ असते आणि पिळले की रस धो धो निघतो. पपनसाची साल जाड असली तरी गुळगुळीत असते, आतल्या फोडी मोठ्या असतात आणि त्यांचा पापुद्रा सहज सुटतो.

झाड समोर असेल तर पान बघा, तिथे फसगत होत नाही. पपनसाच्या देठाला दोन्ही बाजूंनी रुंद पंख असतात आणि पान दोन तुकड्यांचे वाटते. लिंबाच्या पानालाही देठ आणि पाते यांच्यामध्ये सांधा असतो, ताणले की पान तिथेच तुटते. महाळुंगाच्या देठाला पंख जवळपास नसतातच, आणि सांधाही नसतो. पान ओढले तर ते वेडेवाकडे फाटते. कळ्या बाहेरून जांभळट असतात, काटे आखूड आणि ताठ.

जाता जाता एक सांगतो. जनुकीय अभ्यासांनुसार महाळुंग, पपनस आणि संत्र्याच्या कुळातले मँडरिन ही लिंबूवर्गाची मूळ घराणी आहेत. आपले कागदी लिंबू महाळुंगाच्या संकरातूनच आले आहे. तेव्हा नात्यातल्या फळांत घोटाळा होणे साहजिक आहे, पण औषधाला वापरताना तो परवडत नाही.

प्रश्न: अपचन आणि तोंडाला चव नसणे यासाठी महाळुंग चांगले असे वाचून आम्ही सालीसकट फोडी करून जेवणाबरोबर खाल्ल्या. उलट पोट जड झाले, सासूबाईंना रात्रभर गॅस धरला. असे का झाले? कोणता भाग किती घ्यायचा?
(वाचक भगिनी, यावल)

उत्तर: तुम्ही योग्य फळाचा चुकीचा भाग खाल्लात. आलेल्या निम्म्या पत्रांत हाच घोटाळा आहे, म्हणून इथे जरा सविस्तर सांगतो.

आयुर्वेदात महाळुंग हे एक द्रव्य मानून चालत नाही. सुश्रुताने फळवर्गात त्याचे भाग वेगळे करून त्यांचे गुण सांगितले आहेत. बाहेरची साल कडू आणि पचायला कठीण, पण वात, कफ आणि कृमी कमी करणारी. तिच्याखालचा पांढरा गर, ज्याला तो मांस म्हणतो, गोडसर, थंड, स्निग्ध आणि जड. आतल्या आंबट फोडी म्हणजे केसर. ते हलके आणि अग्नी पेटवणारे. चरकही तेच सांगतो: पोटदुखी, अरुची, मलावरोध, मंद अग्नी, उचकी, दमा, खोकला, उलटी यांत केसर द्यावे, ते हलके असते, बाकीचे फळ त्याच्या उलट. म्हणजे मंद अग्नीवर तुम्ही सर्वांत जड भाग भरपूर दिलात. सासूबाईंचा त्रास त्यामुळेच.

आता नेमके काय करायचे ते पाहा.

चव गेली असेल, तापानंतर तोंड कोरडे आणि चिकट वाटत असेल तर केसराच्या दोन-तीन फोडी बिया आणि पापुद्रा काढून घ्या. त्यांवर चिमूटभर सैंधव आणि तितकीच मिरपूड लावून त्या तोंडात धरा, हळूहळू चोखा आणि चोथा टाकून द्या. जुन्या ग्रंथांतला हा उपाय आहे. जेवणाआधी दहा मिनिटे केला तर लाळ सुटते आणि घास गोड लागतो.

भूक मंद असेल आणि जेवल्यावर पोट फुगत असेल तर १० मिलिलिटर रस (साधारण दोन चहाचे चमचे), पाव चमचा आल्याचा रस आणि चिमूटभर सैंधव एकत्र करून जेवणाआधी घ्या. मोठ्या माणसाने दिवसातून दोनदा, म्हणजे एकूण २० मिलिलिटरच्या पुढे जाऊ नये. चार-पाच दिवसांत फरक पडला नाही तर प्रमाण वाढवू नका, वैद्यांना दाखवा. वजन घटणे, काळी शौच, गिळायला त्रास यांपैकी काही असेल तर घरगुती उपायात एक दिवसही घालवू नये.

साल वापरायची ती वाळवून आणि अगदी थोडी. सोलाण्याने वरची पिवळी साल पातळ काढा, पांढरा भाग येऊ देऊ नका, सावलीत वाळवा. आपल्याकडच्या उन्हात ती दोन दिवसांत कुरकुरीत होईल, पण तिच्यातले सुगंधी तेल उडून जाईल आणि हातात नुसता कडवट भुसा राहील. सावलीत, कापडाखाली, वारा असलेल्या जागी वाळवलेली साल महिनोन्‌महिने टिकते. तिची पूड १ ग्रॅमपर्यंत, तीही ताकातून, जेवणानंतर.

पांढरा गर औषधापेक्षा मुरंब्याच्या कामाचा आहे. त्याची कृती पुढे दिली आहे.

आंबट ढेकर, छातीत जळजळ, पोटात व्रण, तोंड आलेले असेल तर रस घेऊ नये. आधीच शेवभाजी आणि ठेच्याने पेटलेल्या पोटात आंबट ओतून पचन सुधारत नाही. रस घेतल्यावर साध्या पाण्याने चूळ भरा आणि अर्धा तास दात घासू नका. आम्लाने दातांवरचे कवच थोडा वेळ मऊ पडते, लगेच ब्रश लावला तर ते झिजते.

प्रश्न: मी आयुर्वेदाचा विद्यार्थी आहे. हिंगाच्या चूर्णाला महाळुंगाच्या रसाची भावना दिली (चूर्ण रसात भिजवून घोटले आणि वाळवले), पण आठ दिवसांत चूर्णावर बुरशी आली आणि रंग काळपट झाला. काय चुकले?
(वाचक, जळगाव)

उत्तर: चरकाने गुल्माच्या (पोटात गोळा उठण्याच्या) चिकित्सेत हिंग्वादी चूर्ण महाळुंगाच्या रसात अनेकदा भावित करून त्याच्या गोळ्या करायला सांगितल्या आहेत. तुमची दिशा बरोबर आहे. काळपट रंगावरून वाटते की खल लोखंडाचा असावा. आम्ल आणि लोखंड एकत्र आले की असेच होते. दगडी किंवा चिनी मातीचा खल घ्या.

बुरशीचे कारण बहुधा घाई. रस ताजा पिळून, दुहेरी कापडातून गाळून घ्यावा. चूर्ण पूर्ण भिजून मऊ चिखलासारखे होईल इतकाच रस घाला, वर तरंगू देऊ नका. मग ते जवळपास कोरडे होईपर्यंत घोटा, पातळ पसरून वाळवा आणि पूर्ण वाळल्यावरच पुढची भावना द्या. बरेच जण वरचा थर वाळला की दुसऱ्यांदा रस घालतात. आत ओल राहते आणि तिथूनच बुरशी सुरू होते. गुठळी मोडून मधला भाग बोटांत चुरडून बघा. तो चिकटला तर अजून एक दिवस थांबा. हे काम दिवाळीनंतरच्या कोरड्या हवेत करा, श्रावण-भाद्रपदात करू नका. शेवटची भावना झाली की चूर्ण घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत ठेवा.

महाळुंग न मिळाल्यास लिंबाच्या रसाने भावना देतात. आंबटपणापुरते ते चालते. पण साल सांगितली असेल तिथे लिंबाची साल घालून भागत नाही.

प्रश्न: वहिनींना तिसरा महिना आहे. सकाळी काही पोटात ठरत नाही. महाळुंगाचा रस द्यावा का?
(वाचक, अमळनेर)

उत्तर: स्वयंपाकात लिंबू वापरतो तेवढ्या प्रमाणात चालेल. एक चमचा रस, अर्धी वाटी पाणी, खडीसाखर आणि कणभर सैंधव असे करून घोट घोट द्या. उठल्या उठल्या देऊ नका. आधी कोरडी लाही किंवा भाकरीचा कोर खाऊ द्या, मग पंधरा मिनिटांनी द्या. ताज्या सालीचा तुकडा नखाने खरवडून जवळ ठेवला तर त्याच्या वासानेही काहींना बरे वाटते. मूळ, बी, सालीची पूड आणि हिंगाची चूर्णे या दिवसांत देऊ नका.

दिवसभर पाणीही ठरत नसेल, लघवी कमी आणि गडद होत असेल, उभे राहिल्यावर चक्कर येत असेल, वजन उतरत असेल तर सलाईनची गरज असते. त्या वेळी फळ शोधत बसू नका, दवाखान्यात न्या.

प्रश्न: लग्नाला चार वर्षे झाली. मूल होण्यासाठी महाळुंगाचे बी दुधात वाटून घ्या असे एकाने सांगितले.
(वाचक भगिनी, एरंडोल)

उत्तर: परंपरेत हा उपयोग सांगितला आहे खरा, पण त्यावर भिस्त ठेवून आणखी वर्षे घालवू नका. वर्षभर प्रयत्न करूनही दिवस गेले नाहीत तर नवरा-बायको दोघांची तपासणी करायची असते. बायकोचे वय ३५ च्या पुढे असेल तर सहा महिन्यांतच. नवऱ्याची तपासणी सर्वांत सोपी आणि स्वस्त, आणि तीच मागे पडते. ती आधी करा.

प्रश्न: ६ मिलिमीटरचा मूतखडा आहे. गावातले जाणकार महाळुंगाच्या मुळाचा काढा देतात. घ्यावा का? रसाने खडा विरघळतो का?
(वाचक, पारोळा)

उत्तर: मुळाचा वापर परंपरेत आहे, पण तो वैद्यांच्या देखरेखीखाली. मूळ खरेच महाळुंगाचे आहे की बांधावरच्या एखाद्या जंबेरीचे (रानटी लिंबाचे), हे वाळलेल्या तुकड्यावरून ओळखणे अवघड असते.

रसाचे म्हणाल तर झालेला खडा त्याने विरघळत नाही. लिंबूवर्गीय रसातल्या सायट्रिक आम्लामुळे लघवीतले सायट्रेट वाढते आणि सायट्रेट कॅल्शियमला बांधून ठेवते. त्यामुळे नवा कॅल्शियमचा खडा जमायला अडथळा होतो. उपयोग आहे तो पुढचा खडा टाळण्यासाठी, आणि तो कागदी लिंबानेही होतो. महाळुंगात रसच कमी, त्यामुळे या कामाला ते महागच पडते.

खान्देशात खरा प्रश्न पाण्याचा आहे. मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर गेला की प्यायलेले पाणी घामातच जाते. दिवसाकाठी अडीच लिटर लघवी व्हायला हवी, मग त्यासाठी चार लिटर पाणी लागो की पाच. शेतात जाताना लघवीच्या रंगाकडे लक्ष ठेवा. ती फिकट पिवळी असेपर्यंत ठीक. जेवणातले मीठ कमी करा. लिंबूपाणी प्यायचे तर त्यात मिठाचा चमचा ओतू नका, कारण जास्त मिठाने लघवीतले कॅल्शियम वाढते आणि लिंबाचा फायदा निघून जातो.

५ मिलिमीटरच्या आतले खडे बहुधा आपोआप उतरतात. तुमचा खडा सीमेवर आहे, त्यामुळे सोनोग्राफी ठरलेल्या वेळी परत करा. दुखण्याबरोबर थंडी वाजून ताप आला किंवा लघवी बंद झाली तर ती तातडीची वेळ समजा.

प्रश्न: वडिलांना कोलेस्टेरॉल आणि रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत. पपनस खाऊ नका असे डॉक्टर म्हणाले. महाळुंग चालेल का?
(वाचक, भुसावळ)

उत्तर: डॉक्टरांनी पपनसाबद्दल सांगितले ते बरोबर आहे. पपनस आणि ग्रेपफ्रूट यांत फ्युरानोकुमारिन नावाची द्रव्ये असतात. आतड्यातले एक विकर (एन्झाइम) काही गोळ्यांचा ठरावीक भाग मोडून टाकते, ही द्रव्ये त्या विकराला निकामी करतात. मग नेहमीचीच गोळी रक्तात जास्त उतरते. सिमव्हास्टॅटिन, अ‍ॅटॉर्व्हास्टॅटिन, फेलोडिपिन, निफेडिपिन यांच्या बाबतीत हे घडते. हा परिणाम दिवसभराहून जास्त टिकतो, त्यामुळे फळ सकाळी आणि गोळी रात्री अशी युक्ती चालत नाही.

महाळुंगाच्या सालीतही याच वर्गातली द्रव्ये असतात. म्हणून वडिलांना सालीची पूड आणि मुरंबा रोज देऊ नका. लोणच्याची एखादी फोड कधीतरी चालेल, पण रक्तदाबामुळे लोणच्याचे मीठही मोजायला हवे. गोळ्यांची चिठ्ठी दाखवून डॉक्टरांना एकदा विचाराच.

प्रश्न: चेहऱ्यावरच्या वांगावर महाळुंगाचा रस लावतात का?
(वाचक भगिनी, साक्री)

उत्तर: लावू नका. लिंबूवर्गाचा रस किंवा सालीचे तेल त्वचेवर असताना ऊन लागले तर त्वचा भाजल्यासारखी होते, फोड येतात आणि मागे महिनोन्‌महिने काळे डाग राहतात. वांग कमी होण्याऐवजी वाढेल. साल किसल्यावरसुद्धा हात साबणाने धुऊनच उन्हात जा.

प्रश्न: महाळुंगाचा मुरंबा एकदा कडूजहर झाला. दुसऱ्यांदा कडू नव्हता, पण फोडी आक्रसून चामड्यासारख्या झाल्या आणि वर साखर जमली. नेमकी कृती द्या.
(वाचक भगिनी, चोपडा)

उत्तर: तिन्ही बिघाडांची कारणे वेगवेगळी आहेत.

कडूपणा बाहेरच्या तेलातून, बियांतून आणि फोडींच्या पापुद्र्यातून येतो. बिया आणि पापुद्रा गरम पाण्यात गेले की कडूपणा आणखी उतरतो, म्हणून ते आधीच पूर्ण काढायचे. फळ पूर्ण पिवळे झालेले घ्या. बारीक किसणीवर वरची साल फक्त चमक जाईपर्यंत खरवडा. उभे चार भाग करा, केसर आणि बिया काढून केसर वेगळ्या वाटीत औषधासाठी ठेवा. उरलेल्या जाड सालीच्या पेराएवढ्या फोडी करा.

१ किलो फोडींना १ लिटर पाणी आणि ८० ग्रॅम मीठ घेऊन त्यात दिवसभर बुडवून ठेवा. वर ताटली ठेवून दाबा, नाहीतर फोडी तरंगतात आणि वरची बाजू कडूच राहते. दुसऱ्या दिवशी साध्या पाण्यात ठेवा आणि ते पाणी तीन-चार वेळा बदला. मग भरपूर पाण्यात दहा मिनिटे उकळून पाणी फेकून द्या. दुसऱ्या पाण्यात फोडीतून सुई सहज जाईपर्यंत शिजवा आणि चाळणीवर निथळा. इथे एक फोड चाखून पाहा. अजून कडू वाटली तर आणखी एक पाणी फेका. साखर घातल्यावर कडूपणा जात नाही, तो झाकलाही जात नाही.

चामड्यासारख्या फोडी होतात त्या घट्ट पाकात एकदम टाकल्यामुळे. घट्ट पाक फोडीतले पाणी झपाट्याने ओढून घेतो, साखर मात्र तेवढ्या वेगाने आत शिरत नाही. म्हणून पाक पातळ सुरू करून रोज थोडा घट्ट करायचा. ६०० ग्रॅम साखर आणि ६०० मिलिलिटर पाण्याचा पाक उकळा, फोडी घालून मंद आचेवर पाच मिनिटे ठेवा, झाकून रात्रभर राहू द्या. पुढचे चार दिवस रोज फोडी झाऱ्याने काढून पाकात १५० ग्रॅम साखर घाला, उकळा आणि गरम पाक फोडींवर ओता. म्हणजे एकूण १२०० ग्रॅम साखर होते. फोडी हळूहळू पारदर्शक होऊ लागतात. काचेवर धरल्या तर मधला पांढरा ठिपका दिसेनासा झाला पाहिजे. तो दिसत असेल तर आणखी एक दिवस पाकात ठेवा.

शेवटच्या दिवशी पाक मधाइतका दाट आणि पक्का एकतारी होईपर्यंत आटवा. त्याच उकळीत एका कागदी लिंबाचा रस घाला. आम्लामुळे साखरेचा काही भाग फुटतो आणि वर खडे जमत नाहीत. तुमच्याकडे साखर जमली ती याच्याच अभावी. पाक पातळ राहिला तर महिनाभरात आंबतो, झाकण उघडल्यावर बुडबुडे आणि दारूसारखा वास येतो. तसे झाले तर परत उकळून वाचवू नका, टाकून द्या.

सगळे काम स्टीलच्या पातेल्यात करा. कल्हई नसलेले पितळ आणि अ‍ॅल्युमिनियम नको, आम्लाने धातू उतरतो. वेलची थंड झाल्यावर घाला. मुरंबा चिनी मातीच्या किंवा काचेच्या बरणीत ठेवा, आणि रोज एक फोड पुरे. मधुमेह असेल तर एकही नको.

प्रश्न: कागदी लिंबाच्या लोणच्याच्याच मापाने महाळुंगाचे लोणचे घातले, पंधरा दिवसांत पांढरी बुरशी आली.
(वाचक भगिनी, धरणगाव)

उत्तर: माप लिंबाचे होते म्हणूनच. लिंबाच्या लोणच्यात फोडी आपल्याच आंबट रसात बुडतात. महाळुंगाची फोड म्हणजे जवळपास सगळी साल, तिच्यात आम्ल कमी आणि ती रस पिऊन घेते. १ किलो फोडींना २०० ग्रॅम मीठ, २० ग्रॅम हळद आणि बारा-पंधरा कागदी लिंबांचा रस (सुमारे पाव लिटर) घाला. आठ दिवस रोज हलवा, मगच ५०-६० ग्रॅम तिखट, थोडी तळलेली मेथीपूड आणि हिंग घाला. फोडी रसाखाली बुडलेल्या असल्याच पाहिजेत. रस कमी दिसला तर आणखी लिंबू पिळा, पाणी नको. फोडी मऊ व्हायला दीड-दोन महिने लागतात.

प्रश्न: तापीकाठची काळी जमीन आहे. औषधी बागेत महाळुंगाची वीस झाडे लावली. शेंड्याची पाने पिवळी पडतात, शिरा हिरव्या राहतात. दोन झाडांच्या बुंध्यातून डिंक येतो. लागवड चुकली का? नवी रोपे कशी करावीत?
(वाचक, शहादा)

उत्तर: आधी पिवळेपणाकडे पाहू. नवी पाने पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर ती लोहाची कमतरता. जुनी, खालची पाने सगळीच पिवळी होत असतील तर नत्राची. तुमचे वर्णन लोहाचे आहे. काळ्या जमिनीत लोह असते, पण चुनखडी जास्त असली की मुळांना ते घेता येत नाही. त्यातच पाणी साचले की ते आणखी अडते. म्हणून नुसते हिराकस (फेरस सल्फेट) बुडाशी टाकून फायदा होत नाही, चुनखडीत ते लगेच बांधले जाते. १ लिटर पाण्यात ५ ग्रॅम हिराकस आणि अडीच ग्रॅम चुन्याची निवळी या प्रमाणात नव्या पालवीवर संध्याकाळी फवारा, पंधरा दिवसांनी परत फवारा. जमिनीतून द्यायचे तर ईडीडीएचए प्रकारचे लोहाचे चिलेट, म्हणजे लोह मुळांना घेता येईल असे धरून ठेवणारे खत, घ्या. बाजारात स्वस्त मिळणारे ईडीटीए चिलेट चुनखडीच्या जमिनीत टिकत नाही, पैसे वाया जातात. माती तपासताना मुक्त चुनखडीचे प्रमाण आवर्जून मागा.

डिंक हे जास्त गंभीर आहे. फायटोफ्थोरा ही बुरशी ओल्या बुंध्यातून शिरते आणि महाळुंग तिला लवकर बळी पडते. आळे बुंध्याला चिकटून केले असेल तर आजच मोडा. बुंध्याभोवती फूट-दीड फुटाचा मातीचा उंचवटा करा आणि त्याच्या बाहेर पाण्याचे कडे करा, म्हणजे पाणी खोडाला लागणार नाही. ठिबकच्या तोट्याही तेवढ्याच लांब न्या. डिंक येतो तिथली कुजलेली साल धारदार चाकूने निरोगी भाग लागेपर्यंत खरवडा, तुकडे गोळा करून जाळा आणि बोर्डोपेस्ट लावा. १ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना आणि १० लिटर पाणी हे तिचे प्रमाण. दोन्ही प्लास्टिकच्या वेगवेगळ्या बादल्यांत भिजवून मग एकत्र ओता. लोखंडी भांडे नको. पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर सगळ्याच झाडांना जमिनीपासून दोन-अडीच फुटांपर्यंत पेस्ट लावावी. सालीचा काळा पट्टा खोडाभोवती पूर्ण फिरला असेल तर ते झाड वाचत नाही.

नवी रोपे छाट कलमाने सहज होतात, लिंबूवर्गात महाळुंगाला मुळे लवकर फुटतात. पक्व, पेन्सिलीइतक्या जाडीची, वीतभर लांब, चार-पाच डोळ्यांची काडी जुलै-ऑगस्टमध्ये घ्या. खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली घेऊन दोन तृतीयांश काडी वाळू आणि शेणखताच्या मिश्रणात पुरा. पण अशी रोपे स्वतःच्या मुळांवर वाढतात आणि भारी काळ्या जमिनीत हाच त्यांचा कच्चा दुवा ठरतो. तुमच्याकडे रंगपूर लिंबाच्या खुंटावर, जमिनीपासून ९ इंच उंचीवर महाळुंगाचा डोळा भरलेली (कलम केलेली) रोपे लावा, आणि लागवडीत कलमाचा तो सांधा मातीत जाऊ देऊ नका. दोन झाडांत १२ ते १५ फूट अंतर ठेवा, वरंबा उंच करा. पश्चिमेला शेवरीची दाट ओळ लावा. केळीच्या बागांना ती जशी उपयोगी पडते तशीच इथेही पडेल, कारण मे महिन्याच्या गरम वाऱ्यात नैर्ऋत्येकडच्या फळांची साल भाजून तपकिरी होते आणि औषधाला घेणारे तेवढ्यावरून फळ परत करतात.

प्रश्न: रात्रीतून फळांना टाचणीएवढी छिद्रे पडतात, भोवती मऊ डाग होतो आणि चार दिवसांत फळ गळते. दिवसा कीड दिसत नाही. बांधावर औषधी गुळवेल भरपूर आहे, तिला काही होत नाही.
(वाचक, रावेर)

उत्तर: हा रस शोषणारा पतंग, आणि तो तुमच्या गुळवेलीवरूनच येत असावा. या पतंगाच्या अळ्या लिंबूवर्गावर वाढत नाहीत, गुळवेल आणि वासनवेल यांच्या पानांवर वाढतात. पतंग झाला की अंधार पडल्यावर तो पिकत्या फळात सोंड खुपसतो. महाळुंगाची साल जाड असल्याने सोंड केसरापर्यंत पोचो न पोचो, छिद्रातून बुरशी आत शिरतेच.

संध्याकाळी सातनंतर विजेरी घेऊन झाडे पाहा, फळांवर लालसर चमकणारे डोळे दिसतील. गळालेली फळे रोज उचलून खड्ड्यात पुरा, त्यांच्या आंबट वासावर आणखी पतंग येतात. औषधासाठी गुळवेल हवीच असेल तर ती बागेपासून दूर, घराजवळ एकाच कडुनिंबावर ठेवा आणि पावसाळ्यात दर आठवड्याला पाने उलटून अळ्या वेचा. बांधावरची बाकीची गुळवेल आणि वासनवेल मुळासकट काढा. झाडे थोडी असतील तर फवारणीपेक्षा पिशव्या स्वस्त पडतात. फळ पिवळे पडायला लागायच्या आधी, ऑगस्टमध्येच, जुन्या सुती कापडाची पिशवी चढवून देठाशी सैल बांधा. प्लास्टिकची नको, आत घाम धरून फळ सडते. काढणीच्या वेळी फळ ओढू नका, देठाचा बोटाच्या पेराएवढा तुकडा ठेवून कात्रीने कापा, कारण देठ उपटला की त्या खड्ड्यातून तीच बुरशी बरणीपर्यंत येते.